हिरोचे बूट दाखवून झाले, माणूस कधी दाखवणार?

पत्र: ताई, मी लातूरचा. वय २४. दोन वर्षं एमपीएससी करून बघितली, आता काकांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो. आम्ही चौघा मित्रांनी पैसे जमवून १८ मिनिटांची पोलीस शॉर्टफिल्म केली. अडत दुकानातल्या मुनीमाचा खून होतो आणि पीएसआय विक्रांत तो शोधून काढतो अशी स्टोरी. एका मित्राच्या क्लासच्या हॉलमधी प्रोजेक्टर लावून चाळीसेक जणांना दाखवली. चौथ्या मिनिटालाच मागून एक पोरगं ओरडलं, "पार्टनरनंच मारलंय की!" आणि खरंच पार्टनरनंच मारलेलं होतं. सहाव्या मिनिटाला निम्मे लोक मोबाईल बघायला लागले. माझे भाऊजी पोलिसात हवालदार आहेत, ते तर हसतच सुटले, म्हणले आधी अर्धसत्य बघ. मित्र म्हणतो जुनं कशाला, दृश्यम बघ. मी दोन्ही बघितले. अर्धसत्यमधी खुनी कोण हा प्रश्नच नाही, आणि दृश्यममधी तर सगळं आपल्यासमोरच होतं, मग सस्पेन्स कसला? कुणाचं ऐकू? शेवट बदलून दुसराच खुनी दाखवला तर चालंल का?
— गोंधळलेला फौजदार, लातूर

उत्तर:

अरे गोंधळलेल्या फौजदारा,

शेवट बदलू नको. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं उत्तर येईपर्यंत तू मार्केट यार्डातल्या वॉचमनला खुनी करून मोकळा होशील आणि मग तो गरीब वॉचमन का मारील याचं कारण शोधत आणखी सहा मिनिटं वाढवशील.

तू पाठवलेली फिल्म मी बघितली, दोनदा बघितली. दुसऱ्यांदा बघताना घड्याळ हातात घेऊन बसले. जीप येते, दार उघडतं, बूट खाली टेकतात, धूळ उडते, बेल्ट, मग गॉगल, मग मान वळते, मग म्युझिक. पन्नास सेकंद गेले. एवढं सगळं होऊन मला विक्रांतबद्दल काय कळलं? त्याच्याकडं गॉगल आहे. बूट बुटाच्या दुकानात पण असतात बाबा. त्यानंतर तो पार्टनर येतो आणि कॅमेरा त्याच्यावर जाऊन थांबतो, मागं ते ढँण वाजतं, वरून तो गुटखा थुंकतो. मागच्या पोराला दोष देऊ नको, तूच त्याच्या कानात सांगितलंस की हा खुनी आहे म्हणून.

म्हणजे प्रॉब्लेम शेवटात नाहीच, प्रॉब्लेम एन्ट्रीत आहे. तुला वाटतंय ओळख करून देणं हे एक काम आणि सस्पेन्स हे दुसरं, ओळख पहिल्या पाच मिनिटांत उरकायची आणि मग सस्पेन्स चालू करायचा. तसं नसतंय ते. त्या दोन्ही सिनेमांत माणसाची ओळख ज्या पद्धतीनं होते त्यातूनच पुढची सगळी धाकधूक निघते, आणि दोघांची पद्धत एकदम वेगळी आहे, म्हणून तुझे भाऊजी पण बरोबर आणि मित्र पण बरोबर.

आता तुझा तो प्रश्न, सगळं समोरच होतं मग सस्पेन्स कसला. तुझ्यापासून तेर किती लांब रे? तास-दीड तासाचा रस्ता. गोरोबाकाकांचं गाव. त्यांची गोष्ट तू कीर्तनात ऐकलीच असशील. मी मागं एका सप्त्यात बसले होते, मांडवात सगळ्या बाया-बापड्या, एकूणएकाला गोष्ट तोंडपाठ, आजीच्या मांडीवर असल्यापासून ऐकलेली. तरी बुवा म्हणले की बायको लेकराकडं लक्ष द्या म्हणून सांगून पाण्याला गेली, आणि मांडव गप्प झाला. गोरोबाकाका चिखल तुडवायलेत, डोळे मिटलेले, तोंडात विठ्ठल. लेकरू रांगायला लागलं. बुवांनी आवाज एकदम खाली आणला, टाळकऱ्यांनी टाळ थांबवले, लेकरू आणखी थोडं पुढं आलं. माझ्या शेजारी बसलेल्या मावशीनं, ओळख ना पाळख, माझं मनगट घट्ट धरलं. बांगडी रुतली मला. आता बघ, काय होणार ते मावशीला माहीत होतं, बुवांना माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त गोरोबाकाकांना माहीत नव्हतं आणि लेकराला माहीत नव्हतं. बुवांनी जर शेवटपर्यंत लपवून ठेवून मग विचारलं असतं की ओळखा बरं चिखलात कोण होतं, तर लोक पंगतीला उठून गेले असते.

दृश्यम तेच करतो. मी हिंदीबद्दल बोलतेय, २०१५ चा, निशिकांत कामतचा, मूळ मल्याळम २०१३ चा जीतू जोसेफचा. खून कुणाच्या हातून झाला, का झाला, प्रेत कुठं पुरलं, गाडीचं काय केलं, सगळं तुला दिसतं. मग पोलीस घरात शिरतात तेव्हा तू ओळखत बसत नाहीस, तू घाबरून बसतोस, की ती धाकटी अनू काही बोलून जाईल का. त्या घरात सगळ्यात मोठा सस्पेन्स म्हणजे एक शाळकरी पोरगी आहे. तिला किती दिसलंय, तिला किती पेलवंल, एवढ्यावर कितीतरी वेळ सिनेमा उभा राहतो.

पण हे जमायला आधी काय केलंय ते बघ. विजय साळगावकरची ओळख कशी होते? चौथी शिकलेला, केबलवाला, सिनेमाचं वेड असं की रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघतो, घरी जायचं भान नाही. घरात पैशाला जरा चिकट. गावातल्या माणसाला अडचण आली की सिनेमात बघितलेली युक्ती सांगतो. तुला वाटलं असंल की ही नुसती गंमत, टाईमपास चाललाय, पहिला अर्धा तास तर मला पण लांबल्यासारखा वाटतो, खोटं कशाला बोलू, तिथं थोडी कात्री चालली असती. पण ती एक सवय किती कामं करते बघ. तो सिनेमा बघत ऑफिसात बसलेला म्हणून त्या रात्री घरी नसतो, बायको आणि पोरगी एकट्या सापडतात. मग निस्तरायची वेळ आली की त्याच सिनेमातलं ज्ञान कामाला येतं. आणि पोलिसांना शेवटपर्यंत पटत नाही की चौथी शिकलेला माणूस एवढं डोकं चालवंल, ते पण त्याच ओळखीतून. एकच सवय आणि तीन ठिकाणी वापरली.

आपल्याकडं सोयाबीनमधी तूर टाकतात ना, तसं. दोन्ही एकाच दिवशी जमिनीत जातात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत काढून होतं, रान मोकळं झाल्यासारखं दिसतं, आणि तूर तशीच उभी असते, तिचं राशीचं काम थेट डिसेंबर-जानेवारीत. दृश्यममधलं निम्मं पहिल्या अर्ध्या तासात तुझ्यासमोर पेरलेलं असतं आणि तू ते गवत समजून बसलेला असतोस.

गायतोंडेचं बघ. कमलेश सावंतनं केलेला तो सब-इन्स्पेक्टर. आल्यापासून तो खाबू, मग्रूर, विजयशी त्याचं आधीपासून वाकडं. म्हणलं तर नेहमीचा वाईट पोलीसवाला. पण गेलेल्या पोराच्या पिवळ्या गाडीत विजयला बघतो कोण? हाच. सगळ्या गावात खरं बोलणारा हा एकच माणूस आणि त्याची ओळखच अशी करून दिलीय की त्याच्या खऱ्यावर कुणाचा विश्वास बसू नये असं आपल्यालाच वाटायला लागतं. तो खरं बोलतोय आणि आपण मनातल्या मनात देवाला हात जोडतोय की याचं कुणी ऐकू नये. हे लई अवघड काम आहे, लिहिणाऱ्यानं प्रेक्षकाला खोट्याच्या बाजूनं उभं केलंय आणि प्रेक्षकाला त्याची लाज पण वाटत नाही. तो धाकट्या पोरीवर हात उचलतो ते मात्र मला सोपं वाटलं, लेकराला मारलं की कुणाचाही जीव वर-खाली होतो, त्यात लिहिणाऱ्याची काय करामत.

आणि मग तब्बू. मीरा देशमुख, आयजी. हुशार, कडक, थंड डोक्याची, तपास करणारी तीच आणि गेलेल्या पोराची आई पण तीच. लिहिणाऱ्यानं पोलीस आणि फिर्यादी एकाच कातड्यात घातले. नुसती आयजी असती तर हे मांजर-उंदराचं झालं असतं. आई आहे म्हणून तिनं मर्यादा ओलांडली तरी आपल्याला धड तिचा राग पण येत नाही. खड्डा उकरला जातो तेव्हा आपण विजयच्या बाजूला उभे असतो, पण डोळे तिच्याकडं असतात. तिथून पोराऐवजी जनावर निघतं ते तू बघितलंयस. त्यापुढचं मी इथं लिहीत नाही, अजून न बघितलेले लोक आहेत जगात. फक्त एवढं ध्यानात घे की सगळं उघडं ठेवून सिनेमानं एकच गोष्ट मुठीत धरून ठेवली, आणि ती मूठ उघडली तेव्हा कुणी फसवलं असं वाटलं नाही.

आता भाऊजींचा सिनेमा. तू म्हणतोस त्यात खुनी कोण हा प्रश्नच नाही. बरोबर आहे. अर्धसत्य १९८३ चा, गोविंद निहलानींचा, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. त्यात प्रश्न एवढाच असतो की हा माणूस कधी तुटणार. आणि कुणावर तुटणार.

वेलणकर, म्हणजे ओम पुरीनं केलेला सब-इन्स्पेक्टर, पहिल्यांदा भेटतो तो एका पार्टीत. गोळीबार नाही, पाठलाग नाही. तिथं त्याला ज्योत्स्ना भेटते, लेक्चरर, स्मिता पाटील, आणि दोघांची विचारांवरून थोडी खटकाखटकी होते. तुझ्या विक्रांतला असल्या ठिकाणी उभं करून बघ, जिथं त्याच्या वर्दीचा काहीच उपयोग नाही. तिथं तो काय बोलतो? बोलता येतं का त्याला? ओम पुरीच्या चेहऱ्यावर सारखं असं असतं की आत काहीतरी दाबून धरलंय आणि झाकण घट्ट बसलेलं नाही.

मग हळूहळू कळतं काय दाबलंय ते. बाप गावाकडचा रिटायर पोलीसवाला, अमरीश पुरी, आईला मारायचा, आणि हे पोरगं बघत उभं राहायचं, काही करता यायचं नाही. पुढं शिकायचं होतं, बापानं जबरदस्तीनं पोलिसात घातलं. एकदा हे कळलं ना, की पुढं प्रत्येक वेळी वेलणकरचा हात उठला की तू बघतोस, हा त्याचा हात आहे का त्याच्या बापाचा.

मी हे जरा जास्त मनाला लावून सांगतेय कारण माझं लहानपण पोलीस लाईनीत गेलंय. बीडला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, सगळ्या घरांना एकच रंग. वडील जमादार होते. त्यांनी आईवर कधी हात नाही उचलला, खरं सांगते, पण सगळं घर त्यांच्या टोपीकडं बघत असायचं. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला की आम्ही तिघं भावंडं पुस्तकातून डोकं न काढता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो. टोपी खुंटीला गेली म्हणजे सगळं ठीक, आई ताट वाढायची. टोपी हातातच राहिली आणि ते तशीच हातात धरून खाटेवर बसले, आतल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत, म्हणजे आज साहेबानं काहीतरी बोललंय. मग कुणी शब्द काढायचा नाही. कधी पाच मिनिटं, कधी तासभर. चुलीवरचं पिठलं आळून घट्ट व्हायचं. आणि मग कधीतरी टोपी खुंटीला जायची आणि आई श्वास सोडायची. तू मला सस्पेन्स विचारतोस, मी तर टोपीवर वाढले.

भाऊजींना अर्धसत्य का आवडतो हे मला त्यांनी न सांगता कळतं.

त्यातल्या व्हिलनची, रामा शेट्टीची ओळख बघ आता. सदाशिव अमरापूरकर, आपल्या नगरचा माणूस, नाटकातून आलेला. वेलणकर त्याची तीन माणसं आत टाकतो, सोडा म्हणून निरोप येतो, हा सोडत नाही. मग एक अर्धवट जळालेला, मारलेला माणूस सापडतो, तो जबाब देतो, नावं घेतो. पक्का पुरावा. वेलणकर सरळ शेट्टीच्या घरात घुसतो अटक करायला. तुझ्या फिल्ममधी असतं तर इथं फायटिंग झाली असती. तिथं काय होतं? शेट्टी घाबरत नाही, ओरडत नाही. फोन उचलतो, कुणा वरच्याशी बोलतो, आणि तोच फोन वेलणकरला ऑर्डर देतो की निघ तिथून. बस. व्हिलनची ताकद दाखवायला पिस्तूल लागलं नाही, गुटखा तर नाहीच नाही. एक फोन, आणि समोरच्याला एक जिना उतरून परत जायला लावायचं.

त्यानंतर सिनेमा त्या फोनवरच चालतो खरं तर. शेट्टी दिसो न दिसो, आपल्याला माहीत असतं की फोन आहे. वेलणकर जीव धोक्यात घालून मोठा डाकू पकडतो आणि नाव दुसऱ्याच ऑफिसरचं होतं. तेव्हा आपण चकित नाही होत, आपण म्हणतो, झालं, आणखी एक घाव बसला. आणि शेवटी तो सगळा राग निघतो कुणावर? एक फालतू चोर, रेडिओ चोरलेला, लॉकअपमधी. त्याला मारत मारत मारूनच टाकतो. डाकू नाही, शेट्टी नाही, रेडिओ चोर. तो प्रसंग येतो तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, त्याच्याहून वाईट होतं, आपल्याला वाटतं की हे तर येणारच होतं आणि आपण बघतच राहिलो.

आणखी एक, हे लिहून ठेव वहीत. लोबो. नसीरुद्दीन शाह. सस्पेंड झालेला, दारूत बुडालेला इन्स्पेक्टर. थोडाच वेळ आहे सिनेमात. त्याचं काम काय? कथानकाला म्हणशील तर फारसं नाही. पण तो दिसला की आपण वेलणकरकडं बघतो. तो हिरोचा पुढचा फोटो आहे, आधीच धुऊन आणलेला. एका माणसाची ओळख करून देऊन दुसऱ्या माणसाबद्दल भीती घातली. मला हे दृश्यममधल्या सगळ्या पिवळ्या गाड्या आणि तारखांपेक्षा भारी वाटतं, पण मी पोलीस लाईनीतली, माझं मत थोडं वाकडं असणार.

आणि मग वेलणकर पुन्हा शेट्टीच्या घरी जातो. तेच घर. पहिल्या वेळी अटक करायला, दुसऱ्या वेळी मदत मागायला. आपल्या पोटात कालवतं ते त्या पहिल्या भेटीमुळं. ती भेट नीट दाखवली नसती तर दुसरीला काही अर्थच नव्हता.

आता कुणाचं ऐकायचं. तुझ्या १८ मिनिटांत दृश्यम बसणार नाही. ती तूर आहे, तिला वेळ लागतो. चार साक्षीदार, दोन तारखा, एक गाडी, एक सिमकार्ड हे सगळं पेरायलाच तुझी दहा मिनिटं जातील. अर्धसत्यमधला मात्र एक प्रसंग तू उचलू शकतोस, म्हणजे चोरू नको, रीत उचल. आणि दृश्यमकडून फक्त एक गोष्ट घे, प्रेक्षकाला आधीच सांगून टाकण्याची हिंमत.

तुझीच स्टोरी घेऊन बोलते. मुनीम, पार्टनर, पीएसआय. खुनी बदलायचा नाही. जीप, बूट, गॉगल काढून टाक. रात्रीचे दीड वाजलेत, पाऊस, ठाण्यात लाईट गेलीय, कॉम्प्युटर बंद, मेणबत्ती. एक म्हातारा आलाय भिजून, मुनीमाचा बाप, पोरगा अजून घरी आला नाही म्हणतोय, मिसिंग लिहून घ्या. विक्रांत नाईट ड्युटीला. तो म्हाताऱ्यावर ओरडत नाही. उठून स्वतःची खुर्ची देतो, काका बसा म्हणतो, स्वतःच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून देतो. आणि मिसिंग लिहीत नाही. "येईल हो सकाळपर्यंत, मित्राकडं थांबला असंल, पाऊस किती लागलाय बघा." म्हातारा बशी दोन्ही हातात धरून बसलाय. डायरी टेबलावर उघडी, पेन तिच्यावर आडवं. पेन हलत नाही.

आता मला विक्रांत कळला. चांगला माणूस आहे, आणि लिहीत नाही. तो का लिहीत नाही हे अजून सांगू पण नको.

मग कट. पार्टनर आणि मुनीम, गोडाऊन, पोत्यांची थप्पी. आम्हाला दाखव, सरळ. म्हातारा बशीतला चहा पितोय त्या वेळेला तिकडं मुनीम जिवंत आहे. हे घड्याळानं दाखव नाहीतर त्या मेणबत्तीनं दाखव, तुझी मर्जी. म्हणजे तेव्हा जर विक्रांत उठला असता, एक राऊंड मारला असता, तर. झालं तुझं काम. सकाळी प्रेत सापडलं की आता खुनी कोण हा प्रश्न कुणाला पडणारच नाही, सगळ्यांना एकच प्रश्न पडंल की डायरीत त्या रात्री म्हातारा आल्याची नोंद नाही आणि हे फक्त दोघांना माहीत आहे, विक्रांतला आणि म्हाताऱ्याला. डायरीत नोंदी वेळेच्या क्रमानं पडतात, मधी ओळ घुसवता येत नाही, हे भाऊजींना विचार, ते तुला तासभर सांगतील. आणि वरून पार्टनरला पण कुठून तरी कळू दे की त्या रात्री म्हातारा ठाण्यात गेला होता. तो विक्रांतला काही धमकी देणार नाही, फक्त एवढंच म्हणू दे, "साहेब, त्या रात्री पाऊस लई होता नाही?" ही झाली तुझ्या रामा शेट्टीची एन्ट्री. गुटखा नको, ढँण नको. हसून बोलू दे.

आता विक्रांत पार्टनरला पकडील का स्वतःला वाचवील, हे तू मला विचारू नको, तो तुझा माणूस आहे. पण आता मागच्या पोराला चौथ्या मिनिटाला ओरडू दे की पार्टनरनं मारलंय म्हणून. सगळा हॉल त्याला म्हणंल, गप बस, माहीताय.

म्हाताऱ्याच्या रोलला नाटकातला माणूस घेऊ नको, तुमच्या दुकानात येणारे कुणी ट्रॅक्टरवाले काका बघ, ज्यांना बशीतून चहा प्यायची खरी सवय आहे. आणि ओरडून रडायला लावू नको. दुसऱ्या दिवशी तो परत ठाण्यात येतो तेव्हा विक्रांत पुन्हा त्याला खुर्ची देतो आणि म्हातारा बसत नाही. एवढंच. तोच टेबल, तीच खुर्ची, वेलणकरच्या त्या दोन भेटींसारखं, फक्त इथं मान खाली घालणारा बदललाय.

बारीकसारीक चुका पण सांगते, भाऊजी कशाला हसले ते कळंल. तुझ्या पीएसआयच्या खांद्यावर तीन स्टार आहेत, पीएसआयला दोन असतात. दुसरं, तुझा विक्रांत आजच्या काळातला आहे, मोबाईल नवा आहे त्याचा, आणि तो पार्टनरला म्हणतो तीनशे दोन लागंल तुला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीय, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. ठाण्यात जुने लोक सवयीनं अजून तीनशे दोनच म्हणतात, तेव्हा हवालदाराच्या तोंडी राहू दे, पण कागद दाखवशील तर त्यावर १०३ पाहिजे. आणि पंचनाम्याला पंच कुठायत? तुझा हिरो एकटाच प्रेताजवळ बसून हातानं सगळं उचलतोय, ते बघून तर मी पण हसले.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी एक एकांकिका लिहिली होती, तुझ्याएवढीच होते. त्यातला इन्स्पेक्टर शेवटी येऊन मीच खुनी म्हणायचा. मला वाटलं लोक हादरतील. लोक हसले, कारण त्यानं खून का केला हे मलाच माहीत नव्हतं. वडील मागच्या रांगेत बसले होते, वर्दीतच, बंदोबस्तावरून थेट आलेले. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणले, "तुझा तो इन्स्पेक्टर नाटकभर टोपी घालूनच बसला होता. घरी गेलाच नाही का तो?"

तेव्हा शूटिंगच्या आधी भाऊजींना एक दिवस जेवायला बोलाव. सल्ला मागू नको, नुसतं बोलतं कर, नाईट ड्युटीला लाईट गेल्यावर काय करतात ते विचार, आणि ते सांगत असताना त्यांच्या हातांकडं बघ. नवीन कट झाला की लिंक पाठव मला. आणि बुटांचा शॉट तुला इतकाच जीव लावणारा असंल तर ठेव, पण म्हाताऱ्याच्या पायातला ठेव, चिखलानं भरलेल्या चपला, ठाण्याच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या, एक सरळ आणि एक उलटी.

— तुझी ताई